पवनचक्क्यांमुळं ढग पळतात म्हणतात, मग पर्यावरणाचा फायदा नेमका कुठला?

माणदेशी_शिवार

नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातला, गाव पूर्वेकडच्या पट्ट्यातलं, पाऊस नावालाच. सध्या आमच्याकडं पवनऊर्जा कंपनीची माणसं फिरतायत, मोजणी चालू हाय, मशीन मोठ्या बसणार म्हणे, नुसता टॉवरच १४० मीटरचा. आमच्या एका गटात एक मशीन आणि शेजारनं रस्ता असं नकाशात दाखवलंय. भाडं किती, करार कसा ते मी वकिलाकडनं बघून घेतोय, त्यावर इथं चर्चा नको.

माझा प्रश्न वेगळा हाय. गावात दोन तट पडलेत. अर्धी माणसं म्हणतात ही पाती फिरायला लागली की ढग फाकतात आणि पाऊस पुढं निघून जातो, आधीच दुष्काळ त्यात हे कशाला. उरलेली म्हणतात प्रदूषण नाही, धूर नाही, देशाचं भलं. कंपनीच्या पत्रकात तर एक मशीन म्हणजे इतकी हजार झाडं असं छापलंय, पण एवढं लोखंड, एवढं सिमेंट, डोंगराएवढे ट्रेलर आणून रस्ते करायचे त्याचं प्रदूषण कोण धरतो? आणि साताऱ्याचे एक पाहुणे म्हणतात चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार जाऊन बघा मग बोला.

पुढच्या महिन्यात ग्रामसभा हाय. मला बाजू घ्यायची नाही, खरं काय ते समजून बोलायचंय. फायदा होतो का, किती होतो आणि तो आमच्या वाट्याला येतो की दुसऱ्याच्या? जाणकारांनी लिहा की.

भौतिकचे_मास्तर

शिवारदादा, ढगाचं आधी बघू कारण ग्रामसभेत तेच पहिलं निघणार. ही समजूत फक्त जतची नाही, साताऱ्यात होती, धुळ्याकडं साक्री भागात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आल्या तेव्हा तिकडंही हेच बोललं जायचं. आणि लोक उगाच बोलत नाहीत, दुष्काळ पडला आणि त्याच काळात डोंगरावर नवीन काहीतरी फिरताना दिसलं, तर माणूस त्या दोन गोष्टी जोडणारच.

पण उंची बघा. जुन्या मशीनचे टॉवर ५० ते ७५ मीटर, नवीन १४०, पातं वर गेलं तरी सव्वादोनशे मीटरच्या आत सगळा खेळ. मोसमी वाऱ्याचा बाष्पाचा थर जमिनीपासून काही किलोमीटर वरपर्यंत असतो आणि तो अरबी समुद्रावरून हजारो किलोमीटर रुंदीनं येतो. पातं फिरतं तेवढ्या चकतीतून जाणाऱ्या वाऱ्यातली ऊर्जा ते काढून घेतं, तीही सगळी नाही, बेट्झच्या नियमानं जास्तीत जास्त ५९ टक्के, प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस. मागं वारा मंदावतो हे खरं, पण एका मशीनमागं दोन-तीन किलोमीटरवर तो बराचसा भरून येतो.

आणि मुख्य म्हणजे जतला पाऊस कमी का ह्याचं उत्तर सह्याद्री आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, जतला पाचशेच्या आसपास, दोन्हीत अंतर दोनशे किलोमीटरसुद्धा नाही. ढग घाटमाथ्यावर चढताना पाणी टाकतात आणि तुमच्याकडं येईपर्यंत रिकामे होतात, हा पर्जन्यछायेचा प्रदेश माणूस इथं राहायला यायच्या आधीपासूनचा आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं गावात असतील, त्यांनाच विचारा तेव्हा कुठल्या डोंगरावर पवनचक्की होती. राज्यात विजेची एकही नव्हती.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पवनचक्क्यांचा हवेवर अजिबात परिणाम नाही असं नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या मोठ्या पवनक्षेत्रांवर उपग्रहाच्या नोंदींवरून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रात्री जमिनीचं तापमान आजूबाजूपेक्षा किंचित वाढलेलं दिसलं. कारण सोपं आहे, रात्री थंड हवा जमिनीलगत बसते आणि उबदार हवा वर असते, पाती फिरली की रवीनं घुसळावं तशी वरची खाली येते. म्हणजे उष्णता नवीन तयार होत नाही, आहे तीच मिसळते. हा परिणाम तिथल्या तिथं, पावसाशी त्याचा संबंध नाही.

वनकुसवडेचा_वारा

मी पाटण तालुक्यातला, पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामात बरीच वर्षं हाय. मास्तरांनी ढगाचं चांगलं सांगितलं, त्यात एवढंच घालतो की पावसाळ्यात आमच्या पठारावर ढग टॉवरच्या बुडाला येऊन टेकलेले असतात, समोरची मशीन दिसत नाही इतकं धुकं, पाती त्यातच फिरत असतात आणि पाऊस असा कोसळतो की नसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या डोक्यावरच्या यंत्राच्या खोलीत, चढायची परवानगी मिळत नाही. खाली ठोसेघरचा धबधबा तुम्ही बघितला असेलच. ढग पळवायचे असते तर पहिले आमच्याकडचे पळाले असते.

आता फायद्याचा हिशोब. २.१ मेगावॉटचं एक नवं मशीन धरा, वारं बरं असलेल्या जागी वर्षाची सरासरी क्षमतेच्या ३० टक्के धरा. वर्षाचे तास ८७६०. गुणाकार केला की साधारण ५५ लाख युनिट होतात. आता हे युनिट कोळशावर काढायचे तर एका युनिटला साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे साडेतीन हजार टनांच्या वर कोळसा, एका मशीनपायी, एका वर्षात. कोळशाच्या विजेला युनिटमागं साधारण एक किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि देशाच्या सगळ्या विजेची सरासरी काढली तर सुमारे ०.७ किलो. कमीतकमी आकडा धरला तरी वर्षाला साडेतीन हजार टनांच्या वर वाचतो. झाडांच्या भाषेत मी बोलणार नाही कारण झाड म्हणजे काय आणि किती वर्षांचं धरायचं ह्यावर आकडा वाट्टेल तसा बदलतो, पत्रकातला तो आकडा ग्रामसभेत वापरू नका, युनिट आणि कोळसा ह्यातच बोला.

लोखंड-सिमेंटचा प्रश्न रास्त हाय. पायात तीन-चारशे घनमीटर काँक्रीट जातं, टॉवरचं पोलाद, पात्यांची फायबर, वाहतूक, सगळं धरून, म्हणजे कारखान्यापासून शेवटी मोडीत काढेपर्यंत, युनिटमागं कार्बन किती पडतो ह्याचा जगभरचा अंदाज आयपीसीसीनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनं, २०१४ च्या अहवालात दिलाय. पवनऊर्जेला ११-१२ ग्रॅम, कोळशाला ८२०. सोलर चाळीसच्या पुढं. मशीन बनवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी ते चांगल्या जागी वर्षभराच्या आतच परत देतं आणि पुढं वीस-पंचवीस वर्षं चालतं. म्हणून सिमेंट दिसतं मोठं, पण तुलना कोळशाशी केली की ते बारीक होतं.

पण मला विचाराल तर जतच्या माणसाला कार्बनपेक्षा पाण्याचा हिशोब सांगावा. औष्णिक केंद्राला वाफ थंड करायला आणि राख वाहून न्यायला पाणी लागतं. २०१५ साली केंद्र सरकारनं नियम केला की जुन्या केंद्रांनी एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटरच्या वर पाणी वापरायचं नाही, म्हणजे युनिटला साडेतीन लिटरपर्यंत परवानगी. तीन लिटरनं धरलं तरी त्या ५५ लाख युनिटचं दीड कोटी लिटरच्या वर जातं, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सोळाशे-साडेसोळाशे टँकर. पवनचक्कीला पाणी लागतच नाही, पातं धुवायलासुद्धा पाऊस पुरतो.

परळीचं तुम्हाला आठवत असेल. २०१५ ला दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलं आणि वर्षभराच्या वर बंद राहिलं. प्यायला पाणी नाही तिथं वाफेला कुठून द्यायचं. आणि तुमच्याकडं म्हैसाळचं पाणी येतं ते कृष्णेतून पंपानं उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून. म्हणजे दुष्काळी भागाला पाणी द्यायला वीज पाहिजे आणि ती वीज करायला दुसऱ्या दुष्काळी भागाचं पाणी जाळायचं, हे किती दिवस चालणार?

इरईकाठची

मी चंद्रपूरची. वरच्या भाऊंनी टनात आणि लिटरमध्ये सांगितलं, मी ते कुठं जातं ते सांगते.

आमच्या इथलं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. सकाळी गॅलरी पुसली की दुपारी बोटाला काळं लागते. इरई धरणाचं पाणी केंद्राला आणि शहरालाही, २०१० च्या उन्हाळ्यात धरण एवढं आटलं की संच बंद करायची पाळी आली होती. २००९ ला देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी निघाली त्यात चंद्रपूर वरच्या नंबरात होतं. आपल्या देशी कोळशात राखच तीस-चाळीस टक्के, म्हणजे शंभर ट्रक कोळसा जाळला की तीस-चाळीस ट्रक राख उरते, ती कुठं टाकायची हा रोजचा प्रश्न. २०२२ च्या पावसाळ्यात नागपूरजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, राखेचं पाणी शेतात अन् नदीत गेलं. एका शेतकऱ्याच्या शेतात राखेचा थर बसला तर त्याची जमीन पुढं किती वर्षं वाया जाते ते तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला सांगायला नको.

धुरातल्या सल्फरसाठी २०१५ लाच नियम झाले होते, चिमणीला एफजीडी यंत्रणा बसवा म्हणून. मुदत वाढवत वाढवत २०२५ उजाडलं अन् जुलैमध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. हे सगळं मी ह्यासाठी लिहून राहिली की तुमच्या प्रश्नात फायदा कुणाच्या वाट्याला असं विचारलंय. तुमच्या शिवारात मशीन बसलं तर हवा आमची सुधारते. जतला आज धूर नाहीच, तुम्हाला फरक दिसणार नाही, पण इकडं दम्याचं पोर घेऊन दवाखान्यात बसलेल्या आईला दिसेल. शहरातल्या एसीसाठी लागणाऱ्या विजेचं ओझं आजवर काही ठरावीक जिल्ह्यांनीच वाहिलंय. कोळशाची खाण वाढते तेव्हा जंगल जाते, अन् ताडोबाच्या भोवती खाणी आहेत हे नकाशात कुणीही बघून घ्यावं.

विजेचं_बिल

सगळं ठीक पण कुणीतरी दुसरी बाजू पण लिहा. ३० टक्के म्हणजे उरलेला ७० टक्के वेळ काय? वारा पडला की कोळसाच लागतो ना. म्हणजे पवनचक्की कितीही लावा, औष्णिक केंद्र एकही बंद होत नाही, ते गरम ठेवायला कोळसा जळतोच, मग वाचलं काय? महाराष्ट्रात ५ हजार मेगावॉटच्या वर पवनऊर्जा बसलेली आहे, एवढ्या वर्षांत चंद्रपूरचा धूर कमी झाला का हे ताईंनीच सांगावं. माझ्या मते आकड्यात हिरवं दिसतं आणि प्रत्यक्षात दोन दोन यंत्रणा उभ्या कराव्या लागतात.

उत्तरसमुद्र

बिल साहेब, प्रश्न योग्य आहे आणि ह्याच विषयात मी काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते. मूळची पुण्याची, सध्या डेन्मार्कमध्ये.

आधी ३० टक्क्यांचा अर्थ. मशीन ७० टक्के वेळ बंद असतं असा तो नाही. वर्षातला बराचसा वेळ ते फिरतच असतं, पण कधी पूर्ण क्षमतेनं, कधी पाव क्षमतेनं, त्या सगळ्याची सरासरी ३०. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते, त्यामुळे चढउतार मोठे दिसतात.

आता कोळसा वाचतो का. पवनऊर्जेला आपल्याकडे "मस्ट रन" दर्जा आहे, म्हणजे ती आली की आधी ती घ्यायची आणि लोड डिस्पॅच सेंटरनं (विजेची मागणी-पुरवठा जुळवणाऱ्या केंद्रानं) औष्णिक संचाला उत्पादन खाली आणायला सांगायचं. संच क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. खाली आणल्यावर त्याची कार्यक्षमता थोडी घसरते हे तुमचं म्हणणं बरोबर, पण थोडीच. जळणारा कोळसा मोठ्या प्रमाणात कमी होतोच, कारण बॉयलरमध्ये कोळसा तयार होणाऱ्या विजेच्या हिशोबानं जातो. चंद्रपूरचा धूर दिसायला कमी झाला नाही कारण ह्याच वर्षांत आपली मागणी प्रचंड वाढली. पवनऊर्जा नसती तर ती वाढही कोळशावर गेली असती.

आणि वारा कधी येतो हे बघा. महाराष्ट्रात वर्षाच्या पवनविजेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत येतो. नेमके तेच महिने जेव्हा ढगांमुळे सोलर पडतं आणि खाणीत पाणी भरून कोळसा ओला होतो. म्हणजे सोलर आणि वारा एकमेकांची जागा भरून काढतात. उन्हाळ्यातली दुपारची मागणी वाऱ्यानं भागणार नाही, ते सोलरचं काम.

डेन्मार्कमध्ये आज निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर होते. वारा पडला की नॉर्वे-स्वीडनच्या धरणांमधून वीज येते, वारा जास्त झाला की इथली तिकडे जाते आणि त्यांचं पाणी धरणात शिल्लक राहतं. आपल्याकडे हेच कोयनेत आहे. वनकुसवडेच्या पठारावरून खाली बघितलं की कोयनेचा जलाशय दिसतो, १९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प, मिनिटांत चालू मिनिटांत बंद होणारा. पावसाळ्यात पठारावरचा वारा वीज देत असताना धरणातलं पाणी राखता येतं आणि तेच उन्हाळ्यात संध्याकाळच्या मागणीला वापरता येतं. दोन यंत्रणा उभ्या कराव्या लागतात म्हणता, पण त्यातली एक १९६० च्या दशकापासून उभीच आहे.

इथं १९९१ ला विंडेबी नावाचं जगातलं पहिलं समुद्रातलं पवनक्षेत्र सुरू झालं, ११ मशीन, २०१७ ला आयुष्य संपल्यावर काढूनही टाकलं. पोलाद, तांबं सगळं पुन्हा वापरात येतं, मशीनच्या वजनाचा ८५-९० टक्के भाग. अडचण पात्यांची आहे, काचतंतू आणि रेझिन असं चिकटलेलं असतं की वेगळं होत नाही, जगात अनेक ठिकाणी ती जमिनीत पुरली गेली आणि हा ह्या उद्योगावरचा खरा डाग आहे. आता रसायनानं रेझिन वेगळं करायच्या पद्धती आल्या आहेत, विरघळवता येतील अशी पातीही निघाली आहेत, सिमेंटच्या भट्टीतही ती वापरता येतात. शिवारदादा, करार मी बघत नाही पण एक ओळ त्यात असलीच पाहिजे, आयुष्य संपल्यावर पाती कोण नेणार आणि पाया किती खोलीपर्यंत फोडून काढणार.

माळावरचा_तिसा

उशिरा लिहितोय पण लिहायला हवं. मी पक्षी बघतो, चाळकेवाडीच्या पठारावर बराच फिरलोय, आणि शिवारदादांच्या पाहुण्यांनी पठार बघून या म्हटलं ते अगदी बरोबर आहे. वर सगळ्यांनी सांगितलेला फायदा मला मान्य आहे, कोळशाच्या खाणीनं जेवढे पक्षी आणि प्राणी जातात त्यापुढं पवनचक्की काहीच नाही. पण "पर्यावरणाला अजिबात धक्का नाही" हे वाक्य खरं नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी चाळकेवाडीलाच अभ्यास केला, २०१८ ला प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी नसलेल्या भागाच्या तुलनेत जवळजवळ चारपटीनं कमी. तिसा, कापशी घार असले पक्षी. आणि शिकारी कमी झाले म्हणून तिथला निळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा प्रचंड वाढला, त्याची भीती कमी झाली, माणूस जवळ गेला तरी पळेना, ताणाचं संप्रेरक कमी, पण गर्दीमुळं अंगानं रोडावलेला आणि नरांचे रंग फिके. म्हणजे पात्याला धडकून किती मेले एवढंच मोजून भागत नाही, सगळी साखळी हलते. हा सरडा ह्याच पठारांवरचा, विज्ञानात त्याची वेगळी जात म्हणून नोंदच २०१६ ची. आपण ज्याचं नाव आत्ता ठेवतोय त्याच्या घरावर आधीच शेकडो मशीन उभी आहेत.

सह्याद्रीत रस्त्यांनी जास्त नुकसान केलं. भीमाशंकरच्या बाजूला, खेड तालुक्यात पवनचक्क्यांसाठी जंगलातून, उतारावरून रस्ते कापले, त्याची झीज, दरडी, गाळ हे सगळं पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात नोंदवलंय. आणि आपल्याकडं पवन प्रकल्पाला पर्यावरण परिणाम मूल्यांकन लागतच नाही, २००६ च्या अधिसूचनेत तो नाही, प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत तो "पांढरा". धूर नाही म्हणून पांढरा, इथपर्यंत ठीक, पण जागा कुठली हे कुणीच तपासत नाही. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे आणि तो पवनचक्कीवर नाही, जागा निवडण्याच्या पद्धतीवर आहे.

तारांचं वेगळंच. माळढोक आता, बहुतेक राजस्थानातच, शे-दीडशेच्या आसपास उरलाय आणि उरलेल्यांना सगळ्यात मोठा धोका उच्चदाबाच्या तारांचा, जड पक्षी, समोर बघायची नजर कमकुवत, तार दिसेपर्यंत उशीर होतो. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ह्यावर आदेश दिला. आपल्या सोलापूरच्या नान्नजला त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, पक्षी बघायला मिळणं संपल्यात जमा.

म्हणून माझा शिवारदादांना प्रश्न. तुमचा गट नांगराखालचा आहे की माळ? नांगराखालचं जिरायत रान असेल, ज्वारी-बाजरीचं, तर माझा काडीचा विरोध नाही, उलट पश्चिम घाटाच्या पठारावर शंभर लावण्यापेक्षा तुमच्याकडं लावलेलं कधीही चांगलं, पायाची आणि रस्त्याची जागा सोडली तर बाकी रान पिकतं. पण त्याच नकाशात गवताळ माळावर, गायरानात मशीन दाखवली असतील तर तिथं थांबा. सरकारी कागदात माळ म्हणजे "पडीक", प्रत्यक्षात तिथं लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, आणि धनगरांची मेंढरं. ग्रामसभेत हा मुद्दा कंपनीसमोर कागदावर मांडा.

उपायही आहेत. नॉर्वेत स्मॉला बेटावर तीन पात्यांतलं एक काळं रंगवलं तर पक्षी मरायचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त घटलं, २०२० चा अभ्यास आहे, मशीन थोडीच होती पण दिशा चांगली आहे. तारा जमिनीखालून घेता येतात, निदान तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावता येतात.

वनकुसवडेचा_वारा

तिसा भाऊ, पटलं. आणि ह्यावर आमच्या पठारासाठी एक मार्ग हाय, रिपॉवरिंग. आमच्याकडं अजून २२५, ३५० किलोवॉटची मशीन उभी हायत, वीस वर्षांच्या वरची. ३५० चं मशीन वर्षाला साडेपाच लाख युनिटच्या आसपास देतं, १८ टक्क्यांनी धरलं तर. वर मी सांगितलेलं नवं मशीन ५५ लाख. म्हणजे दहा जुनी काढा, एक नवं लावा, वीज तेवढीच आणि नऊ जागा मोकळ्या. धोरण २०१६ ला आलं, २०२३ च्या डिसेंबरात नवं आलं, पण जुन्या मशीनचे मालक वेगवेगळे, जमीन तुकड्यात, वीजखरेदीचे करार वेगवेगळे, म्हणून काम पुढं सरकत नाही. आमच्या पठारावर खरं पर्यावरणाचं काम करायचं असेल तर हे हाय.

माणदेशी_शिवार

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चंद्रपूरच्या ताईंचं वाचून घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. फायदा आमच्या डोळ्यांना दिसणार नाही पण होतो कुणालातरी, हे मी ग्रामसभेत असंच सांगणार.

तिसा भाऊ, तुमच्या प्रश्नामुळं नकाशा परत काढून बघितला. आमचा गट नांगराखालचाच, ज्वारी आणि मटकी, सोबतच्या बहुतेक मशीन पण जिरायत रानातच हायत. पण तीन मशीन गावाच्या उत्तरेला माळावर दाखवलीत, ते गायरान हाय, तिथं धनगरांचे वाडे पडतात आणि लांडगा आमच्या मेंढक्यांना दर हिवाळ्यात दिसतो, बिळं कुठं हायत ते पण त्यांना माहितीय. ती तीन मशीन खाली रानात सरकवता येतात का हे कंपनीला लेखी विचारणार. वस्तीपासून अंतर किती पाहिजे ते पण कुणी सांगा, एक मशीन मळ्यातल्या घरांच्या जवळ वाटतंय, आवाजाचं काय?

वनकुसवडेचा_वारा

केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून ५०० मीटर हाय, तेवढं मागाच. त्या अंतरावर आवाज असतो पण आभाळातनं हलकी घरघर येते तेवढा, शांत रात्री मात्र जाणवतो, झोप हलकी असलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो हे मी बघितलंय, त्यामुळं मळ्यातली घरं मोजणीत धरलीत का ते बघा, बऱ्याचदा गावठाणच धरतात.

आणि सरकवायचं बोलताना हे ध्यानात ठेवा की दोन मशीनमध्ये अंतर ठेवावं लागतं, एकाचा वारा दुसऱ्याला लागू नये म्हणून, पात्याच्या व्यासाच्या पाच-सात पट. कंपनी म्हणेल जागा नाही. तेव्हा तीनच्या जागी दोन बसवा म्हणा, मशीन मोठी हायत, एक कमी झालं तर प्रकल्प पडत नाही. रस्ता करताना वरची काळी माती वेगळी काढून ठेवायला सांगा, काम झालं की ती परत पसरता येते, नाहीतर मुरमाखाली जाते. ओढ्यावर रस्ता येत असेल तर मोठा पाईप टाकायला लावा. तुमच्याकडं पाऊस कमी पण येतो तेव्हा एकदम येतो, लहान पाईप टाकला की पाणी रस्त्यामागं तुंबून शेजारच्याचा बांध घेऊन जातं.

माळावरचा_तिसा

मेंढक्यांना बरोबर घेऊन ती बिळं आणि पाणवठे नकाशावर खुणा करून ठेवा दादा, ग्रामसभेच्या आधीच. ठरावाला तो नकाशा जोडला की पुढं वनविभागाकडं पण तोच जातो. मला ह्या आठवड्यात वेळ आहे, व्यक्तिगत निरोप पाठवा, मी यायला तयार आहे.